नवी टर्मिनल विंडो उघडून तिच्यात एका दमात अनेक कमांड कशा चालवायच्या

लिनक्सवर नवीन आलेल्या माणसाला हा अनुभव हमखास येतो. नवी टर्मिनल विंडो उघडून तिच्यात दोन कमांड चालवायला जावं, तर विंडो क्षणभर चमकते आणि नाहीशी होते. दुसरी कमांड मात्र जुन्याच विंडोत चाललेली दिसते. कुठे एरर नाही, सूचना नाही. मी सुरुवातीला यात बरेच दिवस अडकलो होतो. तयार ओळी मिळायच्या, त्या चिकटवल्या की चालायच्याही, पण त्यात एक शब्द बदलला की सगळं बिघडायचं. म्हणून या लेखात तयार ओळीपेक्षा ती ओळ तशी का असते यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. ते कळलं की ओळ पाठ करावी लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे कमांडही देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही तसेच. ‘एलएस’ (फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी कमांड) म्हणजे एल आणि एस ही दोन अक्षरं, ‘सीडी’ (फोल्डर बदलणारी) म्हणजे सी आणि डी. ‘बॅश’चं स्पेलिंग बी-ए-एस-एच, ‘एक्झेक’चं ई-एक्स-ई-सी, ‘जीनोम’चं जी-एन-ओ-एम-ई. चिन्हं आणि मोकळ्या जागा जशा दिसतात तशाच ठेवायच्या. मोकळी जागा चुकली की कमांड चुकते. ‘प्रकल्प’ हे मी उदाहरणासाठी घेतलेलं फोल्डरचं नाव आहे, तिथे तुमच्या फोल्डरचं नाव घाला. त्याआधी येणारं ~ हे चिन्ह म्हणजे तुमचं होम फोल्डर.

टर्मिनल वेगळं, शेल वेगळा

आपण ज्याला सरसकट टर्मिनल म्हणतो त्यात दोन प्रोग्राम असतात. एक म्हणजे विंडो दाखवणारा: जीनोम टर्मिनल, कॉन्सोल, एक्सटर्म वगैरे. पूर्वी टर्मिनल हे खरोखरचं यंत्र होतं, कीबोर्ड आणि पडदा असलेलं, तारेनं मोठ्या संगणकाला जोडलेलं. आजची विंडो त्या यंत्राची नक्कल करते. एक्सटर्म तर १९८४ पासून हेच काम करतो आहे. अक्षरं दाखवणं आणि तुम्ही दाबलेल्या कळा पुढे पोचवणं, एवढंच तिचं काम. कमांडचा अर्थ तिला कळत नाही.

अर्थ कळतो तो शेलला. बहुतेक लिनक्सवर हा शेल म्हणजे बॅश, १९८९ साली आलेला. सेमीकोलन म्हणजे ‘आता पुढची कमांड’, दोन अँड चिन्हं म्हणजे ‘आधीची जमली तरच पुढची’, हे सगळं शेलचं ज्ञान आहे.

आता मुख्य मुद्दा. नवी विंडो उघडताना तिला एकच प्रोग्राम चालवायला देता येतो. तो संपला की तिचं काम संपलं, आणि ती बंद होते. अनेक कमांड हव्या असतील, तर तो एक प्रोग्राम शेल असला पाहिजे आणि सगळ्या कमांड त्या शेलच्या हाती एका पुडक्यात बांधून दिल्या पाहिजेत. या लेखातलं पुढचं सगळं यातूनच निघतं.

चूक नेमकी कुठे होते

ही ओळ चालवून बघा:

जीनोम-टर्मिनल -- एलएस; डेट

तुम्हाला वाटतं की एलएस आणि डेट (तारीख-वेळ दाखवणारी कमांड) दोन्ही नव्या विंडोत जातील. पण ही ओळ आधी वाचतो तो तुमच्या जुन्या विंडोतला शेल. त्याला सेमीकोलन दिसतो आणि तो ओळीचे दोन तुकडे करतो. पहिला तुकडा: नवी विंडो उघड, तिच्यात एलएस चालव. दुसरा तुकडा: इथेच डेट चालव. एलएस डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, म्हणून विंडोही जाते.

सेमीकोलनच्या जागी && घातलं तरी काही फरक पडत नाही, कारण तेही जुनाच शेल वाचतो. आणि एलएसऐवजी सीडी दिलं तर आणखी गोंधळ, कारण सीडी हे शेलच्या अंगचं कसब आहे. शेलच नसेल तर फोल्डर बदलून उपयोग कुणाला?

पुडकं बांधायची रीत

बॅशला -सी हा पर्याय दिला की त्यापुढचा मजकूर तो कमांड म्हणून चालवतो. नवी विंडो उघडण्याआधी हे जुन्याच विंडोत करून पाहा, म्हणजे काही चुकलं तर डोळ्यांसमोर दिसेल:

बॅश -सी 'इको नमस्कार; डेट'

दोन ओळी छापल्या जातील: इको पुढचा मजकूर छापतो, डेट तारीख-वेळ. त्या सिंगल कोटमुळे आतला सेमीकोलन जुन्या शेलनं उघडून पाहिला नाही. पुडकं जसंच्या तसं नव्या बॅशकडे गेलं आणि त्यानं ते सोडलं. आता हेच नव्या विंडोला द्या:

जीनोम-टर्मिनल -- बॅश -सी 'इको नमस्कार; डेट'

इथे दोन डॅशचा अर्थ ‘माझे पर्याय संपले, यापुढे चालवायचा प्रोग्राम’. जुन्या लेखांत याजागी -ई दिसतो. जीनोम टर्मिनलनं तो पर्याय मोडीत काढायचं ठरवलं आहे आणि वापरला तर तशी सूचनाही मिळते. नवीन शिकताय तर दोन डॅशच शिका.

दोन्ही कमांड नव्या विंडोत चालतील. फक्त तुम्हाला त्या वाचता येणार नाहीत, कारण बॅशचं काम संपताच विंडो मिटेल.

विंडो उघडी ठेवायची असेल तर

जीनोम-टर्मिनल -- बॅश -सी 'सीडी ~/प्रकल्प && एलएस; एक्झेक बॅश'

शेवटचा ‘एक्झेक बॅश’ सांगतो की काम उरकल्यावर तुझ्या जागी नवा, नेहमीसारखा बॅश बसव. विंडोच्या दृष्टीनं प्रोग्राम संपलेलाच नाही, म्हणून ती राहते. तुम्ही प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये असता, समोर यादी असते आणि पुढची कमांड टाइप करायला जागा असते. नुसतं ‘बॅश’ लिहिलं तरी विंडो राहते, पण मग एका बॅशच्या पोटात दुसरा बॅश असा प्रकार होतो. एक्झेक जागा बदलतो, थर चढवत नाही. म्हणून मला तोच बरा वाटतो.

फक्त निकाल वाचून विंडो बंद करायची असेल, तर एक्झेकऐवजी शेवटी ‘रीड’ लिहा, स्पेलिंग आर-ई-ए-डी. तो एंटर दाबेपर्यंत थांबून राहतो.

त्या ओळीत एलएसनंतर && नाही, सेमीकोलन आहे, हे लक्षात आलं का? तो मुद्दाम आहे. तिथे && असतं आणि फोल्डरचं नाव चुकलं असतं, तर सीडी फसला असता, एलएस झाला नसता, एक्झेकही झाला नसता आणि विंडो एररसकट गायब झाली असती. एरर वाचायलाच मिळाली नाही तर दुरुस्त काय करणार? म्हणून कमांडच्या साखळीत && घाला, पण विंडो उघडी ठेवणाऱ्या शेवटच्या तुकड्याआधी नेहमी सेमीकोलन.

सेमीकोलन की दोन अँड

प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे जमलं, बाकी काहीही म्हणजे बिनसलं. १२७ आला तर त्या नावाची कमांडच सापडली नाही. हा आकडा पाहायचा असेल तर लगेच ‘इको $?’ लिहा. && याच आकड्याकडे बघतं. शून्य असेल तरच पुढे जातं. दोन उभ्या रेघा, म्हणजे ||, उलट वागतात: आधीची फसली तरच पुढची. सेमीकोलन कशाकडेच बघत नाही.

हा फरक बारीक वाटतो, पण यात डेटा जाऊ शकतो. समजा कुणी असं लिहिलं:

सीडी ~/तात्पुरतं; आरएम -आरएफ *

‘तात्पुरतं’ फोल्डर जागेवर नसेल, तर सीडी फसेल, तुम्ही आहात तिथेच राहाल आणि पुढची कमांड तिथल्या फाइली पुसून टाकेल. ती ‘खात्री आहे का’ असं विचारत नाही आणि पुसलेलं कचराकुंडीतही जात नाही. तिथे && असतं तर सीडी फसताच सगळं थांबलं असतं. माझा साधा नियम असा: पुढची कमांड आधीच्या यशावर अवलंबून असेल तर &&, नसेल तर सेमीकोलन. आणि शंका असेल तर &&.

सिंगल कोट आणि डबल कोट

नवशिक्यांचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा थांबून वाचा. सिंगल कोटमधलं काहीही जुना शेल उघडत नाही. डबल कोटमध्ये मात्र डॉलरचं चिन्ह दिसलं की तो ते लगेच सोडवतो आणि मग पुडकं पुढे पाठवतो.

बॅश -सी "सीडी /; इको $पीडब्ल्यूडी"

पीडब्ल्यूडी ही तीन अक्षरं इथे कॅपिटलमध्ये लिहायची, त्यात सध्याच्या फोल्डरचा पत्ता असतो. आधी सीडी झाल्यामुळे तिरकी रेघ छापली जाईल असं वाटतं, पण छापलं जातं ते जुन्या शेलचं फोल्डर. बॅशच्या हाती पुडकं पडण्याआधीच डॉलरवालं नाव बदलून तिथे पत्ता आलेला होता. डबल कोट काढून सिंगल घाला, उत्तर बरोबर येईल.

म्हणून सवय सिंगल कोटचीच लावा. मग जुन्या शेलमधलं एखादं मूल्य नव्याला द्यायचं असेल तर? त्यासाठी डबल कोटकडे वळायची गरज नाही. पुडक्यानंतर ते मूल्य वेगळं जोडता येतं:

जीनोम-टर्मिनल -- बॅश -सी 'सीडी "$१" && एलएस; एक्झेक बॅश' _ "$फोल्डर"

इथे ‘फोल्डर’ हे जुन्या शेलमधल्या व्हेरिएबलचं नाव आहे. त्यातला पत्ता आत $१ म्हणून मिळतो. मधली खालची रेघ विसरू नका, कारण पुडक्यानंतरचा पहिला शब्द $० मध्ये जातो आणि आपल्याला हवा असलेला $१ मध्ये. फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तरी ही रीत मोडत नाही. मला यापेक्षा स्वच्छ रीत सापडलेली नाही.

सिंगल कोटच्या आत आणखी सिंगल कोट मात्र घालता येत नाही. तशी वेळ आली तर ओळ लांबली आहे असं समजा आणि ती फाइलमध्ये हलवा, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसरं टर्मिनल असेल तर

तत्त्व तेच, दारावरची पाटी वेगळी. कॉन्सोल आणि एक्सटर्म या दोघांत दोन डॅशऐवजी -ई लिहायचं, एक्सएफसीईच्या टर्मिनलमध्ये -एक्स. म्हणजे:

कॉन्सोल -ई बॅश -सी 'डेट; एलएस; एक्झेक बॅश'

कॉन्सोलचं स्पेलिंग इथे के पासून सुरू होतं. कॉन्सोल आणि एक्सएफसीईच्या टर्मिनलला --होल्ड, तर एक्सटर्मला एकाच डॅशचा -होल्ड असा पर्यायही आहे. तो दिला की काम संपल्यावरही विंडो राहते, पण तिच्यात पुढे काही टाइप करता येत नाही. नुसता निकाल वाचायला तो पुरतो. डेबियन आणि उबंटूवर ‘एक्स-टर्मिनल-एम्युलेटर’ नावाची कमांड असते. ती त्या संगणकावर ठरवलेलं टर्मिनल उघडते आणि -ई समजते. तुमची ओळ दुसऱ्याच्या संगणकावरही चालायला हवी असेल तर ती सोयीची.

आपल्याकडे कोणतं टर्मिनल आहे हे माहीत नसेल तर विंडोच्या मेनूतलं ‘अबाउट’ उघडा.

एकामागोमाग नव्हे, एकाच वेळी

इथवर कमांड रांगेत चालत होत्या. पण सर्व्हर चालू करायचा आणि त्याच वेळी लॉग बघायचा असेल तर रांग उपयोगाची नाही, कारण सर्व्हर आपणहून संपत नाही आणि त्याच्या मागची कमांड ताटकळत राहते. एकच अँड चिन्ह कमांडच्या मागे लावलं की ती पाठीमागे चालू राहते आणि शेल पुढे सरकतो:

बॅश -सी 'स्लीप ५ & स्लीप ५ & वेट; इको झालं'

स्लीप म्हणजे तितके सेकंद नुसतं थांबणं. दोन्ही स्लीप एकदम सुरू होतात, म्हणून दहाऐवजी पाच सेकंदांत ‘झालं’ येतं. ‘वेट’ हा पाठीमागची सगळी कामं संपेपर्यंत थांबतो. तो नसेल तर ‘झालं’ लगेच छापलं जाईल आणि कामं मागे चालूच असतील.

यात अडचण अशी की दोन्ही कमांडचं लिखाण एकाच विंडोत मिसळतं आणि कुठली ओळ कुणाची ते कळत नाही. जास्त बोलणाऱ्या कमांडना मी स्वतंत्र विंडो किंवा टॅब देतो. जीनोम टर्मिनलला दोन डॅशच्या आधी --टॅब दिलं की नवी विंडो न उघडता असलेल्या विंडोत टॅब उघडतो.

ओळ लांबली की फाइल करा

तीन-चार कमांडपुढे पुडकं वाचणं कठीण होतं. मग साधी मजकुराची फाइल करा. नाव काहीही द्या, मी ‘सुरुवात.एसएच’ धरतो. पहिल्या ओळीत #!/बिन/बॅश. ही ओळ फाइल कुणी चालवायची ते सांगते. त्याखाली:

जीनोम-टर्मिनल --टॅब -- बॅश -सी 'सीडी ~/प्रकल्प && पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००; एक्झेक बॅश'
जीनोम-टर्मिनल --टॅब -- बॅश -सी 'सीडी ~/प्रकल्प && गिट स्टेटस; एक्झेक बॅश'

फाइलला चालवण्याची परवानगी एकदाच द्यायची:

सीएचमॉड +एक्स सुरुवात.एसएच

सीएचमॉडमध्ये सी-एच-एम-ओ-डी ही पाच अक्षरं. त्यानंतर ./सुरुवात.एसएच म्हटलं की दोन टॅब उघडतील. एकात त्या फोल्डरमधल्या फाइली ८००० या पोर्टवर ब्राउझरला मिळू लागतील, दुसऱ्यात गिटची (फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामची) स्थिती दिसेल. जीनोम टर्मिनल विंडो उघडून लगेच मोकळा होतो, म्हणून जीनोम-टर्मिनलच्या पहिल्या ओळीच्या शेवटी अँड चिन्ह लागलं नाही. एक्सटर्म मात्र विंडो बंद होईपर्यंत अडून राहतो, त्याच्या ओळीमागे & लावावंच लागतं.

अडखळायच्या आणखी तीन जागा

पहिली, टोपणनावं, म्हणजे लांब कमांडला दिलेली छोटी नावं. ‘एलएल’सारखं टोपणनाव रोज चालतं आणि पुडक्यात ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. बॅश -सी नं चाललेला शेल तुमची .बॅशआरसी फाइल वाचत नाही, आणि टोपणनावं तिथेच असतात. पुडक्यात मूळ कमांड पूर्ण लिहा.

दुसरी, सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं कमांड चालवणारी कमांड. जुन्या विंडोत आत्ताच पासवर्ड दिलेला असला तरी नवी विंडो तो पुन्हा मागते, कारण सुडोची ओळख सहसा त्या त्या टर्मिनलपुरती असते. तो तिथेच हातानं द्या. पासवर्ड फाइलमध्ये लिहून ठेवायचा मोह होतो, पण कृपा करून तसं करू नका. ती फाइल वाचता येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मग तुमचा अख्खा संगणक जातो.

तिसरी मला सर्वांत उशिरा कळली. शेवटी एक्झेक बॅश असूनही, चालू कमांड कंट्रोल-सी नं थांबवली की कधी कधी विंडोच बंद होते. कंट्रोल-सी चा इशारा कमांडबरोबर तिला चालवणाऱ्या बॅशलाही जातो. कमांड त्या इशाऱ्यानं मेली, तर बॅशही तिच्यामागोमाग थांबतो आणि एक्झेकपर्यंत पोचतच नाही. पायथनचा हा सर्व्हर इशारा ऐकून स्वतः नीट बंद होतो, त्यामुळे तिथे हे जाणवत नाही, स्लीपच्या बाबतीत लगेच दिसतं. उपाय पुडक्याच्या सुरुवातीला लिहायचा:

जीनोम-टर्मिनल -- बॅश -सी 'ट्रॅप : इंट; स्लीप १००; एक्झेक बॅश'

इंट म्हणजे आय-एन-टी. ट्रॅप बॅशला सांगतो की हा इशारा आला तर काही करू नकोस, पुढे चल. कमांड थांबते, विंडो राहते.

एसएसएचवरून दूरच्या संगणकावर काम करत असाल तर विंडो उघडण्याच्या या खटाटोपापेक्षा टीमक्स शिका. तो एकाच टर्मिनलचे कप्पे करतो आणि जोडणी तुटली तरी आतल्या कमांड चालू ठेवतो. रोजच्या डेस्कटॉपला मात्र वरचं पुरतं.

आता ही ओळ एका कळीवर आणा. जीनोमच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली स्वतःचा शॉर्टकट जोडायची सोय आहे. तिथल्या कमांडच्या चौकटीत जीनोम-टर्मिनलपासून सुरू होणारी पूर्ण ओळ लिहा. त्या चौकटीमागे शेल नसतो, त्यामुळे तिथे नुसतं ‘सीडी ~/प्रकल्प && एलएस’ लिहून काही घडत नाही. बॅश -सी आणि सिंगल कोटमधलं पुडकं दिलं की कळ दाबताच विंडो उघडते, आणि तुम्ही प्रकल्पात असता.